साऊंड इंजिनीअरिंगचा महागडा कोर्स करावा का? सांगली-साताऱ्याकडून वारंवार येणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की पालकांचे फोन सुरू होतात. गणपतीच्या आधी मिक्सर तपासून घ्यायला आलेली पोरं जाता जाता तेच विचारतात. मी २०१४ साली मुंबईतल्या एका खासगी संस्थेत एक वर्षाचा डिप्लोमा केला. फी ३,६०,००० रुपये होती आणि ती वडिलांनी कर्ज काढून भरली. आता सांगलीच्या विश्रामबागेत माझा लहानसा स्टुडिओ आहे, सीझनला लाईव्ह काम करते. खालची उत्तरं त्या अनुभवातून लिहिली आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे गोष्ट आधी सांगून झाली आहे तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, साऊंड इंजिनीअर म्हणजे नेमकं काय? डॉल्बी लावणारा म्हणजेच साऊंड इंजिनीअर ना?

डॉल्बी लावणारा हा त्यातला एक. काम चार ठिकाणी चालतं. लग्न, यात्रा, कीर्तन, नाटक, सभा अशा ठिकाणी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द नीट पोचवणं, हे लाईव्ह. गाणं, भजन, जाहिरात रेकॉर्ड करून मिक्स करणं, हे स्टुडिओचं. शूटिंगच्या जागी संवाद टिपणं आणि नंतर डबिंग-मिक्सिंग, हे सिनेमा-मालिकांचं. चौथं कुणाच्या डोळ्यांत भरत नाही पण घर चालवतं: मंगल कार्यालय, मंदिर, शाळा, सभागृह इथे कायमची यंत्रणा बसवून देणं आणि ती सांभाळणं.

‘डॉल्बी’ या शब्दाबद्दल थोडं थांबून सांगते, कारण त्यापायी एका मुलाचे पैसे गेले. आपल्याकडे ट्रॅक्टरवर रचलेल्या बॉक्सना डॉल्बी म्हणायची पद्धत पडली आहे. मूळ डॉल्बी ही रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये सुरू केलेली कंपनी. टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्राने तिचं नाव झालं आणि पुढे ती सिनेमागृहांच्या आवाजात आली. माहितीपत्रकात ‘डॉल्बी ॲटमॉस’ लिहिलेलं असतं ते २०१२ साली आलेलं, प्रेक्षकाच्या चहूबाजूंनी आणि डोक्यावरूनही आवाज देणारं तंत्र आहे. मिरवणुकीतल्या बॉक्सशी त्याचा काही संबंध नाही. तासगावकडच्या एका मुलाने तो शब्द वाचून मिरवणुकीचं काम शिकवतात असं समजून २५ हजार भरून जागा पकडली. ते पैसे त्याला परत मिळाले नाहीत. कोर्स बघण्याआधी वरच्या चारपैकी कुठलं काम करायचं आहे ते ठरवा.

२. सगळं वाचायला वेळ नाही. करावा की नाही, एवढंच सांगा.

बारावीनंतर थेट, कर्ज काढून, खासगी संस्थेत: नको. आधी सहा महिने कुणाच्या तरी हाताखाली काम करा (प्रश्न ७). त्यानंतरही जावंसं वाटलं, संस्थेचा हिशोब जुळला (प्रश्न ४) आणि हप्ता झेपणार असेल (प्रश्न ९), तर जरूर जा. सरकारी संस्थेचा विचार वेगळा करायचा, तो प्रश्न ६ मध्ये आहे.

३. माहितीपत्रकात एक आकडा असतो आणि भरायला गेलं की दुसराच. असं का?

पहिलं कारण जीएसटी. कायद्याने मान्य असलेल्या पदवी-पदविकेच्या शिक्षणावर जीएसटी लागत नाही. खासगी संस्था स्वतःच्या नावाने जे सर्टिफिकेट देते, त्यावर १८ टक्के लागतो. चार लाखांचा कोर्स म्हणजे ४,७२,०००. पत्रकात तो ‘कर वेगळा’ अशा बारीक अक्षरांत असतो. यातून आणखी एक गोष्ट कळते: संस्था जीएसटी लावत असेल तर ती पदवी सरकारमान्य नाही, हे तिनेच सांगितल्यासारखं आहे.

दुसरं कारण राहणं-खाणं. सातारा-पुणे ११० किलोमीटर, पण रोज एसटीने जाऊन-येऊन हे शिक्षण होत नाही, कारण स्टुडिओ मोकळा मिळतो तो संध्याकाळनंतर. पुण्यात खोली, मेस आणि प्रवास धरून महिना बारा ते पंधरा हजार धरा, मुंबईत त्याहून बरेच जास्त. वर लॅपटॉप, हेडफोन, हार्ड डिस्क. काही ठिकाणी ठराविक कंपनीचाच लॅपटॉप लागतो, तो आधी विचारून घ्या. फीच्या आकड्यात निम्मी रक्कम आणखी मिळवली की खर्चाचा खरा अंदाज येतो.

४. संस्था चांगली आहे हे बाहेरून कसं ओळखायचं? सगळेच मोठमोठे स्टुडिओ दाखवतात.

काचेपलीकडचा मोठा मिक्सर बघून भुलू नका, मीही भुलले होते. तिथे विचारायचा प्रश्न एकच: त्या मिक्सरसमोरच्या खुर्चीत मी स्वतः किती तास बसणार?

माझा हिशोब मांडते. आमच्या बॅचला आठवड्याचे पाच दिवस, रोज दोन तास स्टुडिओ होता. सुट्ट्या वजा जाता चाळीस आठवडे, म्हणजे चारशे तास. सांगताना हेच सांगतात, ‘चारशे तास प्रात्यक्षिक’. पण बॅचमध्ये आम्ही बावीस जण होतो आणि खुर्ची एक. चारशेला बावीसने भागलं तर माणशी जेमतेम अठरा तास. उरलेला सगळा वेळ मी मागे उभी राहून दुसऱ्याचे हात बघत होते. तीन लाख साठ हजार भागिले अठरा, म्हणजे खुर्चीतला एक तास वीस हजाराला पडला. आपल्याकडे बरा स्टुडिओ तासाला हजार रुपयांच्या आत मिळतो.

बघून शिकणं वाया जात नाही, ते मी नाकारत नाही. मला दोन शिक्षक फार चांगले मिळाले आणि त्यांच्यामागे उभं राहून मी पुष्कळ घेतलं. पण या कामात हात आणि कान एकत्र शिकतात. फेडर (आवाज कमी-जास्त करायची मिक्सरवरची सरकपट्टी) हातात असताना झालेली चूक लक्षात राहते, दुसऱ्याची चूक बघून तसं होत नाही.

म्हणून भेटीला जाल तेव्हा बॅच किती जणांची, स्टुडिओ किती, आणि वर्गाच्या वेळेबाहेर विद्यार्थ्याला खोली मिळते का, ते विचारा. शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची. रात्री दहानंतर स्टुडिओ विद्यार्थ्यांसाठी उघडा ठेवणारी संस्था सापडली तर खुर्चीतले तास तिप्पट होतात आणि मग फी वेगळी दिसायला लागते. उत्तर लेखी मागा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणत असतील तर दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या तीन मुलांशी बोला. ती मुलं ऑफिसने दिलेल्या यादीतली नकोत. पायऱ्यांवर बसलेल्या सीनिअर मुलांकडून नंबर घ्या.

५. यूट्यूबवर सगळं फुकट आहे. कोर्समध्ये असं वेगळं काय मिळतं?

दोन गोष्टी, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

एक म्हणजे खरं बोलणारी खोली. आपण घरच्या दहा बाय दहाच्या खोलीत ऐकतो ते अर्धं खोलीचं बोलणं असतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा फूट अंतराच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज अडकून घुमतो आणि खोली चौरस असली तर दोन्ही दिशांना तोच घुमतो, म्हणजे दुप्पट त्रास. तुम्हाला वाटतं ढोलकीला बेस जास्त झाला, तुम्ही तो कापता, आणि गाडीत लावल्यावर ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते. भिंतीला अंड्याचे ट्रे चिकटवून हा खर्ज जात नाही, त्याला रॉकवूलचे जाड पॅनल लागतात. नीट बांधलेल्या खोलीत काही महिने ऐकलं की कानाला माप मिळतं. हे माप व्हिडिओतून मिळत नाही, कारण व्हिडिओसुद्धा तुम्ही त्याच घुमणाऱ्या खोलीत बघता.

दुसरं, चूक दाखवणारा माणूस. यूट्यूब तुमचं मिक्स ऐकत नाही. ‘गायिकेच्या आवाजात तीन हजार हर्ट्झला टोचतंय, ऐकू येतंय का?’ असं शेजारी बसून कुणी दहा वेळा विचारलं की अकराव्यांदा ते आपलं आपल्याला ऐकू येतं.

बाकी सगळं, म्हणजे कॉम्प्रेसर म्हणजे काय, ४४.१ की ४८ किलोहर्ट्झ, एक्सएलआरची पिन कशी जोडायची, हे घरी बसून शिकता येतं आणि त्यासाठी लाखो रुपये देऊ नयेत.

६. पुण्याच्या एफटीआयआयबद्दल काय मत आहे? तिथेही फी भरायचीच की.

तिथे प्रवेश मिळत असेल तर मागेपुढे पाहू नका. पुण्याची ही सरकारी संस्था, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया, १९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. ध्वनिमुद्रण आणि ध्वनी आरेखनाचा तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि पदवीनंतरचा आहे. कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण बारावीला भौतिकशास्त्र लागतं. इथेच आपल्याकडची मुलं अडकतात. आवड आहे म्हणून अकरावीला कला शाखा घेतात आणि पदवीनंतर कळतं की दार बंद आहे. दहावीच्या मुलाचे पालक हे वाचत असतील तर एवढं लक्षात असू द्या.

जागा मोजक्या, प्रवेश परीक्षा आणि मुलाखत कडक. तयारीला वर्ष द्यावं लागतं. पण खुर्चीतले तास (प्रश्न ४) आणि सोबतीला दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन शिकणारे विद्यार्थी, हे सगळं एका आवारात मिळतं. तीच मुलं पुढे एकमेकांना काम देतात. ‘स्लमडॉग मिलेनिअर’च्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ साली ऑस्कर मिळवणाऱ्यांपैकी रसूल पूकुट्टी इथलेच विद्यार्थी. कोलकात्याची सत्यजित राय संस्थाही याच धर्तीची आहे. एक अपवाद मात्र: तुम्हाला लाईव्हच करायचं असेल तर सिनेमाचं हे शिक्षण तुमच्यासाठी नाही.

७. सांगली-साताऱ्यात राहून हे शिकवणार कोण? इथे आहे काय?

हा प्रश्न आला की मला वाईट वाटतं, कारण जे इथे आहे ते मुंबईत पैसे देऊन मिळत नाही.

मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात जाऊन बसा. समोर तंबोरा असतो: पंढरपूरकडचा भोपळा, वर घोडी, घोडीवर चार तारा. कारागीर घोडीचा माथा घासतो, तारेखाली सुताचा धागा सरकवतो, तार छेडतो, मान हलवतो, पुन्हा घासतो. जवारी लावणं म्हणतात त्याला. धागा केसभर सरकला की त्याच सुराच्या वरचे सूर उमलतात नाहीतर मिटतात. स्टुडिओत आम्ही ईक्यूची (आवाजातला खर्ज-तीव्र भाग कमी-जास्त करणारी) खुंटी फिरवून जे शोधतो ते हा माणूस नुसत्या कानाने शोधत असतो. मी परत आल्यावर दोन महिने दर बुधवारी तिथे बसत होते आणि माझा कान तिथे जितका उघडला तितका वर्षभराच्या वर्गात उघडला नव्हता. कारागिराच्या कामात लुडबूड न करता बसलात तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

मग साऊंडवाल्याबरोबर जा. दहा बाय दहाच्या खोलीत कधीच न कळणाऱ्या गोष्टी मैदानावर पहिल्या आठवड्यात कळतात. आठ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की चार ओहम होतात, चार जोडले की दोन, आणि दोनला बरेच ॲम्प्लिफायर मान टाकतात. शाळेच्या मैदानात पुढच्या स्पीकरपासून ३४ मीटरवर मागचे स्पीकर लावले तर पुढचा आवाज तिथे एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. मागच्यांना तेवढा डिले दिला नाही तर वक्त्याचं प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं. जनरेटरचं अर्थिंग न बघता माईक हातात देऊ नये, हेसुद्धा तिथेच शिकाल आणि हे जीव वाचवणारं शिक्षण आहे.

डिप्लोमा घेऊन परत आले त्या वर्षी बुधगावजवळ एका सप्ताहात मी मिक्सरवर होते. कीर्तन रंगात आलं आणि माईक शिट्टी मारायला लागला. मी स्क्रीनवरचा आलेख बघत राहिले. शेजारी उभ्या असलेल्या मंडपवाल्या काकांनी हात पुढे केला, एक खुंटी खाली घेतली आणि शिट्टी गेली. त्यांना हर्ट्झचा आकडा सांगता आला नसता, पण ‘ही काळी एकच्या वरची आहे’ एवढं त्यांनी कानाने ओळखलं. काळी एक म्हणजे २७७ हर्ट्झ. पुढचे दोन सीझन मी त्यांच्या गाडीवर काढले.

याशिवाय सांगलीतलं भावे नाट्यमंदिर, साताऱ्यातलं शाहू कला मंदिर इथे नाटक आलं की तासभर आधी जाऊन साऊंडचेक बघा. औंधच्या संगीत महोत्सवात शास्त्रीय गायनाला किती कमी आवाज पुरतो ते ऐका. वाई-मेणवलीकडे शूटिंग लागलं की बूम, म्हणजे लांब काठीवरचा माईक, धरणाऱ्या माणसाकडे लक्ष द्या.

८. माझ्याकडे एक लाख आहेत. कोर्सला भरू की सामान घेऊ?

सामान, पण सगळ्या लाखाचं नको. दोन चॅनेलचं इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी), एक कंडेन्सर आणि एक साधा डायनॅमिक माईक, बंद कपांचे चांगले हेडफोन, आणि ओळखीच्या सुताराकडून रॉकवूल भरून घेतलेले सहा-आठ पॅनल. हे साधारण साठ हजारांत बसतं. सॉफ्टवेअरला रीपर घ्या. साठ दिवस फुकट वापरून बघता येतं आणि नंतर लहान कामासाठीचा परवाना ६० डॉलरचा आहे. चोरीचं सॉफ्टवेअर वापरू नका. ऐन रेकॉर्डिंगमध्ये बंद पडलेलं मी पाहिलं आहे आणि गायक पुन्हा तसा गात नाही.

उरलेले चाळीस हजार मोडू नका. त्यातून महिन्यातून एकदा चांगला स्टुडिओ दोन-तीन तास भाड्याने घ्या, आपलं मिक्स तिथे लावून ऐका आणि तिथल्या इंजिनीअरला त्याच्या वेळेचे पैसे देऊन चुका काढायला सांगा. प्रश्न ५ मधल्या दोन्ही गोष्टी अशा सुट्या विकत घेता येतात. हा मार्ग मला २०१४ साली कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

सांगलीत असाल तर आणखी एक: सामान तळमजल्यावर ठेवू नका. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ज्यांचे ॲम्प्लिफायर खाली होते त्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलं.

९. कर्ज काढून केलं तर हप्ता झेपेल का?

आकडे मांडून बघू. दहा लाख, ११ टक्के व्याज, सात वर्षं: हप्ता महिना १७,१०० रुपयांच्या आसपास. दहा वर्षांत फेडायचं ठरवलं तर साधारण १३,८००. शिवाय शिकत असतानाही व्याज चालूच असतं. एक वर्षाचा कोर्स आणि पुढचं एक वर्ष हप्त्याची सवलत धरली, तर दोन वर्षांचं व्याजच दोन लाखांच्या वर जातं.

बँकेच्या शैक्षणिक कर्जात ही सवलत तरी असते. पण बऱ्याच खासगी ऑडिओ कोर्सना मान्यता नसल्यामुळे बँक नाही म्हणते, आणि मग संस्थेच्या ऑफिसमध्येच टेबल टाकून बसलेली फायनान्स कंपनी पुढे येते. त्या कर्जाचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. मुलगा शिकतोय आणि वडील द्राक्षबागेच्या औषधांचे पैसे हप्त्याला देतायत, अशी दोन घरं माझ्या ओळखीत आहेत. कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही, कारण कंपनीने फी संस्थेला कधीच देऊन टाकलेली असते. सही करण्याआधी कागदावर कर्ज देणाऱ्याचं नाव वाचा.

माझं माप असं आहे: पहिल्या दोन वर्षांत महिन्याला जे हातात येईल त्याच्या चौथ्या हिश्शापेक्षा हप्ता मोठा नको. हातात काय येतं ते पुढच्या उत्तरात.

१०. मग इथे कमाई होते तरी किती?

दुसऱ्याचं सांगत नाही, माझ्याकडचं सांगते. केबल ओढायला, बॉक्स चढवायला येणाऱ्या नव्या मुलाला मी दिवसाला ८०० रुपये आणि जेवण देते. मिक्सरवर एकटा उभा राहू शकणाऱ्याला कार्यक्रमाचे दोन ते तीन हजार. स्टुडिओत एका भजनाचं रेकॉर्डिंग-मिक्सिंग धरून चार-पाच हजार मिळतात, आणि त्यात दोन दिवस जातात.

महिन्याची सरासरी काढताना सगळे चुकतात, कारण काम सीझनचं आहे. गणपती ते दिवाळी श्वास घ्यायला वेळ नसतो, मध्ये फक्त पितृपक्ष शांत. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, चैत्र-वैशाखात यात्रा. आणि आषाढी एकादशीपासून गणपतीपर्यंत सुपारी शोधावी लागते. वर्षाचे दिवस मोजा आणि बाराने भागा. माझ्या पहिल्या वर्षी ही सरासरी महिना अकरा हजार आली होती. प्रश्न ९ मधला हप्ता आता पुन्हा बघा.

पुण्या-मुंबईत दर जास्त आहेत, पण खोलीभाडंही आहे. पहिली दोन वर्षं तिथेही हात राखूनच काढावी लागतात.

११. सर्टिफिकेट बघून कुणी काम देतं का? आकाशवाणीत चालतं का?

गेल्या इतक्या वर्षांत माझं सर्टिफिकेट एकदाही कुणी मागितलेलं नाही. केलेलं काम ऐकवायला सांगतात.

आकाशवाणी-दूरदर्शनसारख्या ठिकाणच्या तांत्रिक पदांना इलेक्ट्रॉनिक्स, दूरसंचार किंवा इलेक्ट्रिकलची मान्यताप्राप्त पदविका-पदवी मागतात. खासगी ऑडिओ डिप्लोमा तिथे चालत नाही. सरकारी नोकरी मनात असेल तर प्रश्न १४ वाचा.

१२. मुलीला या लाईनमध्ये घालावं का? रात्रीबेरात्रीचं काम, सगळे पुरुष.

घाला. मी पंचवीस किलोचे बॉक्स उचलले आहेत, आणि ते उचलायचं एक तंत्र असतं तेही शिकले. शरीराच्या ताकदीने कधी अडलं नाही. अडलं ते दुसऱ्याच गोष्टींनी. गावच्या कार्यक्रमाला स्वच्छतागृह नसणं, रात्री दोनला सामान भरून झाल्यावर घरी कसं जायचं, आणि मिक्सरमागे मुलगी दिसली की ‘ऑपरेटर कुठंय?’ असं विचारणारे आयोजक. यावर मी नियम केले: परतीची गाडी ठरल्याशिवाय सुपारी घ्यायची नाही, आणि टीममध्ये ओळखीची किमान दोन माणसं हवीत.

आई-वडिलांना एक सांगते. ‘मुलगी आहे, म्हणून निदान स्टुडिओचं सुरक्षित काम करू दे’ असं म्हणून तिला लाईव्हपासून तोडू नका. स्टुडिओत बंद खोलीत एका अनोळखी माणसाबरोबर तासन्‌तास बसावं लागतं, मैदानावर निदान चारचौघं असतात. दोन्हीकडे चौकशी सारखीच करा. संस्थेत जाणार असेल तर शिकवणाऱ्यांत बायका किती आहेत आणि तक्रार समिती आहे का, ते प्रश्न ४ च्या यादीत जोडा.

१३. डीजेवर सारखी बंदी येते. मग हे शिकून पुढे काय?

बंदीची भीती ज्याचं सगळं पोट मिरवणुकीवर आहे त्याला. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सूट देता येते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. हे नियम माझ्या मते योग्य आहेत. मापाच्या आवाजात स्पष्ट ऐकवणं हेच कौशल्य, आणि ते येणाऱ्याला काम कमी पडत नाही.

कानाचंही सांगते, कारण पोरं हे ऐकून न ऐकल्यासारखं करतात. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित हद्द मानतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला मिळतात पंधरा मिनिटं. मिरवणुकीत बॉक्ससमोर सहा तास चालणारा मुलगा तिशीत ऐकण्याचं काम करू शकणार नाही. गेलेलं परत येत नाही. दीडशे रुपयांचे इअरप्लग खिशात ठेवा. कानात शिट्टी वाजत राहत असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर कोर्सच्या फीचा विचार करण्याआधी श्रवणतपासणी करून घ्या.

१४. मी मिरजेला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सला आहे. ते सोडून ऑडिओला जाऊ का?

सोडू नका. तुमच्या हातात जे आहे ते आमच्यातल्या निम्म्या लोकांकडे नाही. ॲम्प्लिफायर उघडून दुरुस्त करणारा, सभागृहाची यंत्रणा आखून देणारा माणूस या दोन जिल्ह्यांत शोधावा लागतो. पदविका पूर्ण करा, सुट्टीत साऊंडवाल्याबरोबर जा. कराडच्या तंत्रनिकेतनातला एक मुलगा असाच माझ्याकडे येत होता. आता तो फक्त मंगल कार्यालयांची कामं घेतो आणि आषाढातही रिकामा नसतो.

१५. माझं वय ३४, पक्की नोकरी आहे. आवड आहे म्हणून वर्षाचा कोर्स करू?

नोकरी सोडून नाही. शनिवार-रविवार आणि प्रश्न ८ चा मार्ग पुरेसा आहे.

१६. मुलाला परदेशातच शिकायचंय, तिथलं नाव मोठं आहे.

अमेरिकेतल्या नामांकित खासगी संगीत महाविद्यालयांत नुसती फी वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या आसपास जाते, राहणं वेगळं. पूर्ण किंवा मोठी शिष्यवृत्ती मिळाली तर पाठवा. जमीन गहाण ठेवून नाही. शिकून झाल्यावर तिथे काम करायचा व्हिसा मिळेलच असं नसतं, आणि इथल्या दरांत डॉलरचं कर्ज फिटत नाही. मुलगा आधीच चांगला वाजवतो किंवा गातो आणि त्याला संगीत निर्मितीच करायची आहे, अशाच वेळी मी यावर दुसऱ्यांदा विचार करेन.

१७. फी भरून झाली, अर्धा कोर्स झाला, आणि काही शिकतोय असं वाटत नाही. सोडू का?

गेलेल्या पैशांसाठी थांबू नका, आणि रागाने सोडूही नका. आधी भरताना सही केलेला कागद काढून परताव्याचं कलम वाचा. मग उरलेल्या महिन्यांतले खुर्चीतले तास प्रश्न ४ प्रमाणे मोजा. पुढचा हप्ता अजून भरायचा असेल आणि तास दहाच्या आत येत असतील, तर तो हप्ता भरू नका, ते पैसे प्रश्न ८ मधल्या मार्गाला लावा. सगळी फी आधीच गेली असेल तर मात्र राहा, आणि संस्थेच्या वेळापत्रकावर विसंबू नका. स्टुडिओची वही बघा. पहाटेचा, सुट्टीच्या दिवसाचा, कुणी न घेतलेला प्रत्येक तास आपल्या नावावर लिहा. माझ्या बॅचमधल्या एका मुलीने असंच करून शेवटच्या चार महिन्यांत साठ तास मिळवले, रविवारी सकाळी सहाला यायची.

सोडायचं ठरलंच, तर निघण्याआधी परवानगी घेऊन एक काम करा. वर्षभरात तुम्ही ज्या ज्या रेकॉर्डिंगला हात लावला त्यांचे सुटे ट्रॅक स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. तबला वेगळा, पेटी वेगळी, गळा वेगळा. चांगल्या खोलीत, चांगल्या माईकवर घेतलेले असे ट्रॅक घरी सरावाला मिळत नाहीत. एक टेराबाइटची डिस्क पुरते, आणि एक प्रत घरी दुसऱ्या डिस्कवर ठेवा.